आधाराची माणसं, ताण आणि तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताण कमी करायचा म्हटलं की झोप, व्यायाम, श्वसन, आहार यांबद्दल भरपूर बोललं जातं. माणसांबद्दल फार कमी बोललं जातं. अडचणीत आपल्यामागे कुणीतरी उभं आहे, याचा शरीरावर होणारा परिणाम मोजता येतो आणि तो किरकोळ नसतो. त्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

चांगल्या नात्यांमुळे तब्येत सुधारते हे खरंच सिद्ध झालंय, की ऐकायला बरं वाटतं म्हणून सगळे म्हणतात?

पुरावा भक्कम आहे आणि तो चाळीस-पंचेचाळीस वर्षांपासून साठत आलाय. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या अलामीडा काउंटीत 1965 साली 6,928 प्रौढांची पाहणी झाली. जोडीदार, मित्र-नातेवाईक, धार्मिक किंवा इतर गटांशी संबंध अशी सगळी माहिती त्यात घेतली होती. पुढच्या नऊ वर्षांत यातलं कोण हयात राहिलं, हे लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी तपासलं आणि 1979 मध्ये निष्कर्ष मांडले. सगळ्यात कमी नातेसंबंध असलेल्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण भरपूर संबंध असलेल्या पुरुषांच्या दुपटीहून जास्त होतं. स्त्रियांत ते जवळपास तिप्पट होतं. धूम्रपान, दारू, वजन, व्यायाम यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरलाच.

2010 साली ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 148 अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यात तीन लाखांहून जास्त माणसं होती आणि त्यांचा पाठपुरावा सरासरी साडेसात वर्षांचा होता. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली.

यावर एक रास्त शंका येते. आजारी माणसाचं येणं-जाणं आपोआप कमी होतं. मग एकटेपणामुळे आजार, की आजारामुळे एकटेपणा? दोन्ही घडतं. म्हणून मला सगळ्यात पटणारा पुरावा प्रसूतीच्या अभ्यासांतला वाटतो. तिथे कोणत्या स्त्रीला सतत सोबत द्यायची आणि कोणाला नेहमीचीच सेवा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं जातं. त्यामुळे 'आधी काय आणि नंतर काय' हा घोळ राहत नाही. 17 देशांतल्या अशा 26 चाचण्यांचा आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. कळा सुरू असताना धीर देणारं माणूस सतत जवळ असेल, तर प्रसूतीचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियनची गरज कमी पडते आणि त्या अनुभवाबद्दल नाराजी कमी राहते, असं त्यात दिसलं. हे सोबतीचं माणूस औषध देत नाही. हात धरतं, पाठ चोळतं, काय चाललंय ते समजावून सांगतं.

आधार मिळाल्यावर शरीरात नेमकं काय होतं?

धोका जाणवला की मेंदू मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना कामाला लावतो. अॅड्रिनॅलिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात. थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, रक्तातली साखर वर जाते, आणि पचनासारखी त्या क्षणी नड नसलेली कामं मागे पडतात. काही मिनिटांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. ती महिनोन्महिने चालू राहिली तर मात्र रक्तदाब चढा राहतो, झोप मोडते, शरीरातला दाह वाढतो आणि प्रतिकारशक्ती ढेपाळते.

विश्वासाचं माणूस जवळ असलं की धोक्याचा हा इशारा मुळातच हळू वाजतो. जेम्स कोन यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 16 विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. स्कॅन चालू असताना, आता हलका विजेचा झटका बसू शकतो, अशी सूचना त्यांना मिळे. कधी हातात कुणाचाच हात नसे, कधी अनोळखी माणसाचा, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या धोक्याशी निगडित भागांची धावपळ सगळ्यात कमी होती. अनोळखी हातानेही थोडा फरक पडला. ज्या जोडप्याचं नातं जास्त समाधानाचं, तिथे परिणामही जास्त.

यात झटका टळला नव्हता. धोका तेवढाच होता, पण मेंदूने त्याचं ओझं कमी धरलं. आधाराचं सगळं मर्म मला इथे दिसतं. संकट दूर करता येत नसलं तरी ते पेलायला दोघं आहेत, हे शरीराला समजतं आणि ते आपली शक्ती राखून ठेवतं.

सर्दी-खोकला, जखमा अशा साध्या गोष्टींवरही परिणाम होतो?

होतो, आणि तो अगदी नेमका मोजला गेलाय. शेल्डन कोहेन यांच्या 1997 सालच्या अभ्यासात 276 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घालून त्यांना वेगळं ठेवलं होतं. जोडीदार, आई-वडील, मित्र, शेजारी, सहकारी, एखाद्या गटातले सदस्य अशा किती प्रकारच्या नात्यांत त्यांचं नियमित बोलणं होतं, हे आधीच विचारून घेतलं होतं. तीन किंवा त्याहून कमी प्रकारची नाती असणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका, सहा किंवा जास्त प्रकारची नाती असणाऱ्यांच्या चौपट होता. विषाणू सगळ्यांना सारखाच दिला होता.

जखमांबाबत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांचं काम महत्त्वाचं आहे. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आप्ताची रात्रंदिवस काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या हातावर त्यांनी छोटी, एकसारख्या मापाची जखम केली. त्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांपेक्षा ती भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. पुढे 2005 साली त्यांनी नवरा-बायकोंच्या जोड्या अभ्यासल्या. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात एकमेकांबद्दल वैरभाव जास्त होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या सुमारे 60 टक्केच होता.

मग नक्की किती माणसं हवीत?

ठरावीक आकडा नाही. मोजकी जिवाभावाची माणसं आणि त्याशिवाय वेगवेगळ्या ठिकाणची काही ओळखीची माणसं असं मिश्रण बहुतेकांना मानवतं. सगळा भार एकाच व्यक्तीवर टाकला तर ती व्यक्ती दमते, आणि ती दूर गेली की सगळंच कोसळतं. येता-जाता दोन शब्द बोलणाऱ्या ओळखींना कमी लेखू नका. अशा ओळखीच्या लोकांशी जास्त बोलणं झालेल्या दिवशी माणसांना अधिक बरं वाटतं, असं अभ्यासांत दिसलंय.

मला गरज पडली तर धावून येणारी माणसं आहेत, पण मी त्यांना कधी बोलावलेलंच नाही. तरी फायदा होतो का?

हो. प्रत्यक्ष किती मदत मिळाली यापेक्षा 'गरज पडली तर मिळेल' या खात्रीचा तब्येतीशी असलेला संबंध जास्त ठळक आहे. ती खात्री असली की आलेलं संकट मुळातच आवाक्यातलं वाटतं.

उलट, मिळालेली मदत कधीकधी बोचते. आपण कमी पडलो, दुसऱ्याचे मिंधे झालो, असं वाटू लागतं. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली याचा फार सुरेख अभ्यास मांडला. वकिलीच्या परीक्षेच्या तयारीत असलेले उमेदवार आणि त्यांचे जोडीदार, दोघांनीही रोज वेगवेगळी डायरी लिहिली. 'आज मी मदत केली' असं जोडीदाराने लिहिलं, पण उमेदवाराच्या डायरीत त्याची नोंदच नाही, अशा दिवसांनंतर उमेदवाराची उदासी सगळ्यात कमी होती. म्हणजे जी मदत मदतीसारखी दिसली नाही तीच जास्त लागू पडली.

याचा घरात उपयोग करता येतो. परीक्षा, मुलाखत, ऑपरेशन असं काही जवळ आलेल्या माणसाभोवती 'मी तुझ्यासाठी हे केलं, ते केलं' असा गाजावाजा नको. त्याची नेहमीची दोन कामं गुपचूप उरकून टाका. आलेला फोन आपणच घ्या, पाहुण्यांना आपणच सामोरे जा. त्याला कळलं नाही तरी चालेल.

ताणात असलेल्या माणसाशी काय बोलावं, तेच सुचत नाही.

बहुतेक वेळा अडचण न सुचण्याची नसते, घाईची असते. समोरच्याचं दुःख बघवत नाही म्हणून आपण ते लवकर मिटवायला बघतो. 'होईल सगळं ठीक', 'एवढं काय त्यात', 'माझ्या ओळखीत एकाचं तर याहून वाईट झालं होतं' ही वाक्यं त्या घाईतून येतात. ती बोलणाऱ्याला हलकं करतात आणि ऐकणाऱ्याला आणखी एकटं पाडतात.

आधाराचे साधारण चार प्रकार मानले जातात: भावनिक आधार, हाताने केलेली मदत, उपयोगी माहिती, आणि 'तू योग्य करतोयस' हा दिलासा. चुकीच्या वेळी दिलेला योग्य आधारही वाया जातो. नुकतंच कुणी गेलेल्या माणसाला माहिती नको असते. उद्या बँकेत कोणते कागद न्यायचे हे न कळणाऱ्याला नुसती पाठीवरची थाप पुरत नाही. म्हणून सरळ विचारा: 'तुला आत्ता फक्त बोलायचंय, की आपण काही मार्ग शोधूया?' एवढ्या एका प्रश्नाने निम्मे गैरसमज टळतात.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य मनापासून येतं, पण खचलेल्या माणसाकडे काय लागणार हे शोधायची आणि मग कुणाकडे तरी मागायची ताकदच नसते. त्याऐवजी नेमकं बोला. 'गुरुवारी संध्याकाळी मुलांना मी सांभाळते.' 'डॉक्टरांकडे जाताना मी बरोबर येतो, ते काय सांगतात ते लिहून घेतो.' 'रोज रात्री नऊला फोन करेन, बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस.' हे शेवटचं वाक्य मला विशेष मोलाचं वाटतं, कारण त्यात सोबत आहे आणि मोकळीकही आहे.

ऐकताना गप्प बसायला भिऊ नका. त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगून 'असंच म्हणतोयस ना?' एवढं विचारलं तरी माणसाला आपलं ऐकलं गेल्याचं जाणवतं.

मैत्रिणीशी तासन्‌तास बोलून हलकं वाटण्याऐवजी जास्तच जड वाटतं. असं का?

एकच त्रास दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा उगाळला की असं होतं. अमांडा रोझ यांनी 2002 साली मुलामुलींच्या मैत्रीत हे दाखवून दिलं. अशा बोलण्याने मैत्री घट्ट होते, पण उदासी आणि चिंताही वाढलेली दिसते. बोलणं बंद करायची गरज नाही. मन मोकळं झाल्यावर 'मग उद्या यातलं काय करता येईल?' असं दोघींपैकी एकीने विचारावं. करण्यासारखं काहीच नसेल तर उठून एकत्र फिरायला जावं.

ज्या नात्यातून आधार मिळायला हवा, तेच नातं त्रास देत असेल तर?

नातं असणं आणि नातं आधार देणारं असणं यांत मोठं अंतर आहे. लग्नाचंच बघा. होल्ट-लुन्स्टॅड यांच्या 2008 सालच्या अभ्यासात समाधानी विवाहितांचा रक्तदाब अविवाहितांपेक्षा कमी आढळला, पण लग्नात असमाधानी असलेल्यांचा रक्तदाब अविवाहितांपेक्षा जास्त होता. कुणीतरी सोबत असावं म्हणून कुणाच्याही सोबत राहण्याने तब्येतीचं भलं होत नाही.

दुसरा प्रकार ओळखायला अवघड असतो. कधी जीव लावणारी, कधी टोचून बोलणारी माणसं. त्यांच्याशी बोलताना रक्तदाब बराच वर जातो असं दिसलंय, कारण आज काय वाट्याला येणार याचा भरवसा नसल्याने शरीर सतत सावध राहतं. अशा माणसाला आयुष्यातून काढून टाकणं नेहमी शक्य नसतं आणि नेहमी गरजेचंही नसतं. पण कोणत्या विषयावर त्यांच्याशी बोलायचं आणि कोणत्या नाही, हे आपण ठरवू शकतो. भेटीची वेळ आखू शकतो. मनातली नाजूक गोष्ट आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगू शकतो.

मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक, सतत पाळत असं काही होत असेल तर तो नातं सुधारण्याचा प्रश्न राहत नाही. तिथे सुरक्षितता आधी. विश्वासाच्या एका तरी माणसाला सांगा आणि अशा कामासाठी असलेल्या हेल्पलाइनची मदत घ्या.

आधार देणाऱ्याच्या तब्येतीचं काय?

स्वखुशीने, झेपेल तेवढी मदत करणाऱ्याला तिचा फायदाच होतो. स्टेफनी ब्राउन यांच्या 2003 सालच्या अभ्यासात 423 वयस्कर जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेतला होता. मित्र, नातेवाईक, शेजाऱ्यांना मदत करणाऱ्यांत आणि जोडीदाराला मानसिक आधार देणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. नुसता आधार घेण्यात तसा फायदा दिसला नाही.

पण वर जखमांच्या उत्तरात आलेल्या स्त्रिया आठवा. एकट्याने, सुटी न घेता, वर्षानुवर्षं केलेली सेवा शरीर पोखरते. घरात दीर्घ आजारी कुणी असेल तर लोक रुग्णाची चौकशी करतात आणि सेवा करणाऱ्याला विसरतात. त्याला आठवड्यातले ठरलेले काही तास सुटी मिळायलाच हवी. त्या तासांत दुसऱ्या कुणी तरी रुग्णाजवळ बसावं, आणि त्याने बाहेर पडावं किंवा नुसतं झोपावं. इतर भावंडं लांब राहत असतील तर पैसे, कागदपत्रं, औषधांची मागणी, डॉक्टरांशी फोन ही कामं ती तिथून करू शकतात. कामं वाटून घेताना कागदावर लिहून घ्या, नाहीतर सगळं जवळ राहणाऱ्यावरच येऊन पडतं.

मदत मागायला संकोच वाटतो. लोकांना त्रास होईल असं वाटतं.

हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी 2008 साली दाखवलं की लोक आपल्याला मदत करतील ही शक्यता माणसं निम्म्यापर्यंत कमी धरतात. मागणाऱ्याला आपण घालत असलेला त्रास दिसतो. देणाऱ्याला नाही म्हणणं किती जड जाईल आणि उपयोगी पडल्याचा आनंद किती होईल, हे मागणाऱ्याला दिसत नाही. खूप दिवसांनी कुणाला सहज मेसेज करण्याबद्दलही असंच आहे. समोरच्याला होणारा आनंद आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त असतो.

छोटी आणि स्पष्ट मागणी करा: 'दहा मिनिटं वेळ आहे का? सल्ला नको, फक्त ऐक.' समोरचा नाही म्हणाला तर ते त्या दिवसापुरतं धरा.

फोनवर किंवा मेसेजवर मिळालेला आधार चालतो का?

आवाज असेल तर बराच चालतो. लेस्ली सेल्झर यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावली. नंतर काहींना आईने जवळ घेतलं, काहींना आईशी फोनवर बोलायला मिळालं. दोन्ही गटांत ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी निगडित संप्रेरक वाढलं आणि कॉर्टिसॉल उतरलं. पुढच्या अभ्यासात फक्त लेखी मेसेजवर बोललेल्या मुलींत तसा परिणाम दिसला नाही. म्हणून महत्त्वाचं बोलणं टाईप करत बसू नका, फोन लावा. लांब असणाऱ्यांसाठी मेसेज म्हणजे भेटीची, फोनची वेळ ठरवायचं साधन, असं धरलं तर तो उपयोगीच आहे.

मी एकटा राहतो आणि मला ते आवडतं. मला काळजी करायला हवी का?

आवडत असेल आणि बोलायला माणसं असतील, तर नको. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. 2015 साली झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात एकाकी वाटणाऱ्यांत अकाली मृत्यूचा धोका 26 टक्के, समाजाशी संपर्क तुटलेल्यांत 29 टक्के आणि एकट्या राहणाऱ्यांत 32 टक्के जास्त दिसला. म्हणजे मनाला एकाकी वाटत नसलं तरी संपर्क टिकवणं गरजेचं आहे. रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं तर कुणाला कळेल, घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, एवढं तरी पक्कं करून ठेवा.

माझ्याकडे तसं कुणीच नाही. सुरुवात कुठून करू?

आधी हे की तुमच्यासारखी माणसं खूप आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 सालच्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकाकीपणा जाणवतो.

दुसरं, दीर्घकाळ एकाकी राहिलेलं मन नकाराच्या खुणा शोधू लागतं. उत्तर उशिरा आलं की 'मी नको आहे' असा अर्थ लावतं. हा स्वभावदोष नाही, सततच्या सावधपणाचा परिणाम आहे. म्हणूनच एकाकीपणावरच्या उपायांत नुसत्या भेटीगाठी घडवण्यापेक्षा, असे अर्थ तपासून पाहायला शिकवणारे उपाय अधिक गुणकारी ठरले आहेत. समुपदेशक यात चांगली मदत करू शकतात.

तिसरं, मैत्रीला वेळ लागतो. जेफ्री हॉल यांच्या पाहणीत अनोळखी माणूस साधा मित्र व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागला आणि जिवलग मित्र व्हायला 200 तासांहून जास्त. त्यामुळे एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा दर आठवड्याला तीच माणसं भेटतील अशी जागा शोधा. गाण्याचा वर्ग, चालण्याचा गट, वाचनालय, स्वयंसेवी काम, काहीही. पहिल्या काही वेळा अवघडल्यासारखं होईल, ते तसंच होतं. जुन्या, विनाकारण विरलेल्या एखाद्या मैत्रीला हाक मारणं त्याहून सोपं पडतं, कारण तिथे बरेच तास आधीच जमा आहेत.

घरच्यांचा आधार असूनही बरं वाटत नाही. डॉक्टरांकडे कधी जावं?

उदासी, भीती किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-भूक बिघडली, रोजची कामं अडू लागली, तर थांबू नका. छातीत दुखणं, धाप लागणं हे तर 'ताण असेल' म्हणून कधीच अंगावर काढू नये. माणसांचा आधार उपचारांबरोबर असतो, उपचारांच्या जागी नाही. आणि आधार असूनही आजार झाला यात घरच्यांचं काही चुकलं असा अर्थ होत नाही.

जवळच्या माणसाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा, निरवानिरवीची भाषा येऊ लागली तर त्याला स्पष्ट विचारा: 'आत्महत्येचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, हाताशी असलेली घातक साधनं दूर करा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. तो नको म्हणाला तरी करा.